दोन मिलिमीटरचा वनवास

१९८७ साली कॅननने ईओएस कॅमेरे आणले आणि आपला जुना एफडी माउंट एका फटक्यात निकालात काढला. १९७१ पासून ज्यांनी पैसे साठवून एफडी लेन्स घेतल्या होत्या, त्यांच्या हाती उत्तम काच उरली. पण ती ज्यावर लावायची तो नवा कॅमेरा आता येणारच नव्हता. निकॉनने हे टाळले. १९५९ चा एफ माउंट त्यांनी ऑटोफोकस आल्यावरही ठेवला आणि डिजिटल आल्यावरही ठेवला. म्हणून निकॉनच्या जुन्या लेन्सना गिऱ्हाईक राहिले आणि एफडी लेन्स कवडीमोल झाल्या. काचेत खोट नव्हती. खोट होती दोन मिलिमीटरची.

जुनी, हाताने फोकस करायची लेन्स नव्या डिजिटल कॅमेऱ्यावर लावण्याच्या साऱ्या उद्योगाची किल्ली या दोन मिलिमीटरांत आहे. प्रत्येक माउंटचे एक ठरलेले अंतर असते. लेन्स जिथे टेकते त्या धातूच्या कड्यापासून फिल्मपर्यंत किंवा सेन्सरपर्यंतचे हे अंतर. याला फ्लँज अंतर म्हणतात. एफडीचे ते ४२ मिमी, ईओएसचे ४४ मिमी. लेन्स नेमक्या अंतरावर बसली तरच दूरचा डोंगर स्पष्ट येतो. एफडी लेन्स ईओएसवर कितीही पातळ कड्याने बसवा, ती दोन मिमी पुढेच राहते. मग टेबलावरचे फूल टिपता येते, खिडकीबाहेरचे झाड नाही. मध्ये एखादे भिंग घालून हिशेब जुळवता येतो, पण त्या कामासाठी मिळणारी स्वस्त भिंगे चांगल्या लेन्सची माती करतात.

उलट दिशेने मात्र रस्ता मोकळा होता. निकॉन एफचे अंतर ४६.५ मिमी, म्हणजे निकॉनची लेन्स अडीच मिमीच्या कड्यावर कॅननच्या ईओएसवर निवांत बसते. एम४२ या आट्याच्या माउंटचे अंतर ४५.४६ मिमी, तीही बसते. त्यामुळे २००५ मध्ये कॅनन ५डी हा तुलनेने परवडणारा फुल फ्रेम (फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरचा) कॅमेरा आल्यावर जुन्या लेन्सचे शौकीन त्याच्याभोवती जमले, आणि त्यावर निकॉनच्या, झाईसच्या, सोव्हिएत रशियाच्या लेन्स चढू लागल्या. चढत नव्हत्या त्या फक्त कॅननच्याच जुन्या लेन्स! अर्थात तेव्हाही सगळे सुरळीत नव्हते. काही लेन्सचा मागचा भाग इतका आत यायचा की ५डीचा आरसा वर उठताना त्यावर आपटायचा. मग कोणी आरसा कानशीने घासायचे, कोणी लेन्सचे कडे.

निकॉनच्या डिजिटल एसएलआर, म्हणजे आरसा असलेल्या, कॅमेरेवाल्यांची गत वेगळी. त्यांच्या कॅमेऱ्याचे अंतर सर्वांत मोठ्या अंतरांपैकी, त्यामुळे परक्या लेन्स जवळजवळ वर्ज्य. घरच्या लेन्स चालायच्या, पण त्यातही वर्णव्यवस्था होती: डी२०० किंवा डी७००० सारखे कॅमेरे १९७७ नंतरच्या एआय लेन्सवर प्रकाश मोजून द्यायचे, डी३००० आणि डी५००० मालिकेतले स्वस्त कॅमेरे देत नसत. १९७७ पूर्वीची लेन्स तशीच लावली तर काही कॅमेऱ्यांची कड्यावरची नाजूक कळ मोडायची भीती. पेंटॅक्सने मात्र शहाणपणा केला होता. १९७५ मध्ये के माउंट आणताना त्यांनी अंतर एम४२ इतकेच ठेवले. त्यामुळे पेंटॅक्सच्या डिजिटल कॅमेऱ्यावर आधीच्या पिढ्यांच्या लेन्स चालत राहिल्या, आणि २००६ पासून कॅमेऱ्यातच आलेल्या कंपनरोधामुळे त्या जुन्या लेन्सनाही हात थरथरण्यापासून संरक्षण मिळाले. या कंपनीला त्याचे श्रेय पुरेसे मिळाले नाही असे मला वाटते.

मग आरसाच गेला. एसएलआरचे अंतर ४० मिमीच्या वर ठेवावे लागायचे ते वरखाली होणाऱ्या आरशाला जागा हवी म्हणून. २००८ मध्ये पॅनासॉनिकचा जी१ हा पहिला मायक्रो फोर थर्ड्स कॅमेरा आला, २०१० मध्ये सोनीचे एनईएक्स, २०१३ मध्ये सोनी ए७, आणि २०१८ मध्ये निकॉन झेड व कॅनन आरएफ. सोनी ई माउंटचे अंतर १८ मिमी, निकॉन झेडचे १६, कॅनन आरएफचे २०. आता कोणत्याही एसएलआरची लेन्स लावायची तर मध्ये भरपूर जागा आहे. एम४२ लेन्स सोनीवर लावायला ४५.४६ वजा १८, म्हणजे २७.४६ मिमी लांबीची पोकळ नळी. आत ना भिंग, ना तारा. एफडीचा वनवास असा संपला. सव्वीस वर्षांनी त्या लेन्स पुन्हा फुल फ्रेमवर आल्या आणि त्यांचे भावही चढले.

२०१३ ला महत्त्व आहे ते फुल फ्रेममुळे. आधीच्या मिररलेस, म्हणजे बिनआरशाच्या, कॅमेऱ्यांचे सेन्सर लहान. ५० मिमीची लेन्स मायक्रो फोर थर्ड्सवर १०० मिमीइतके अरुंद दृश्य दाखवते, एपीएस-सी सेन्सरवर ७५ मिमीइतके. २८ मिमीची वाइड लेन्स तिथे वाइड राहतच नाही. यावर २०१३ च्या जानेवारीत मेटाबोन्स कंपनीने स्पीड बूस्टर आणला. ब्रायन काल्डवेल यांनी आखलेले हे भिंग दृश्य ०.७१ पट आकसून लहान सेन्सरवर बसवते, आणि तेवढाच प्रकाश कमी जागेत पडल्यामुळे एक स्टॉप उजेड वाढतो. चित्रफीत करणाऱ्यांनी तो डोक्यावर घेतला. फुल फ्रेम कॅमेरे सेकंडहँड बाजारात उतरल्यावर फोटोवाल्यांना त्याची निकड उरली नाही.

सिनेमात परकी लेन्स कॅमेऱ्यावर चढवण्याचे जुगाड फार जुने आहे. स्टॅनली कुब्रिकने ‘बॅरी लिंडन’ या १९७५ च्या चित्रपटात मेणबत्तीच्या उजेडातले प्रसंग टिपायला नासासाठी बनलेली झाईसची ५० मिमी एफ/०.७ लेन्स वापरली. तिथे अडचण नेमकी उलटी होती: लेन्सचा मागचा भाग फिल्मच्या अगदी जवळ यायला हवा होता, म्हणून मिचेल कॅमेऱ्याचीच चिरफाड करावी लागली.

अडॅप्टर ही पोकळ नळी आहे म्हणून ती कशीही चालेल असे नाही. एक हिशेब पाहा. नळी ठरल्यापेक्षा फक्त ०.१ मिमी लांब झाली तर ५० मिमीची लेन्स साधारण २५ मीटरच्या पलीकडे नेमका फोकस करू शकत नाही. २४ मिमीची लेन्स तर सहा मीटरवरच अडते. बनवणाऱ्यांना हे ठाऊक असते, म्हणून स्वस्त अडॅप्टर मुद्दाम किंचित आखूड करतात. मग अनंतापर्यंत फोकस होतो, पण लेन्सवर कोरलेले अंतराचे आकडे खोटे ठरतात आणि कडे शेवटपर्यंत फिरवले की फोकस अनंताच्याही पलीकडे जातो. फिरती भिंगे असलेल्या वाइड लेन्समध्ये, म्हणजे जवळच्या फोकसला आतल्या भिंगांचे अंतर बदलणाऱ्या लेन्समध्ये, या आखूडपणाने कोपरे बिघडतात. याहून वाईट म्हणजे नळीची दोन तोंडे समांतर नसणे. फोटोची डावी कड धारदार आणि उजवी मऊ आली की लोक लेन्सला दोष देतात. आधी अडॅप्टर बदलून पाहावा. आतला काळा रंग चकाकत असेल तर समोरच्या उजेडात फोटोवर पांढरट पडदा येतो. मॅट काळे कापड आत चिकटवले की बरेच भागते.

आता प्रश्न काचेचा. फिल्म मॅट असते, सेन्सर आरशासारखा चकाकतो. जुन्या लेन्सच्या मागच्या भिंगावर सेन्सरकडून परत येणाऱ्या उजेडाचा विचार कोणी केलेला नव्हता, त्यामुळे काहींमध्ये चित्राच्या मध्यभागी फिकट डाग उमटतो. रेंजफाइंडर कॅमेऱ्यांच्या वाइड लेन्सची कथा आणखी बिकट. लायका एम माउंटचे अंतर २७.८ मिमी, त्यामुळे या लेन्सचे मागचे भिंग फिल्मच्या अगदी जवळ येई आणि कडेची किरणे फार तिरपी पडत. फिल्मला फरक पडत नव्हता. सेन्सरवर मात्र काचेचे आवरण असते: लायकाच्या डिजिटल कॅमेऱ्यांत सुमारे ०.८ मिमी, सोनीत साधारण २, मायक्रो फोर थर्ड्समध्ये ४ च्या आसपास. तिरपे किरण या काचेतून जाताना वळतात आणि कोपरे विरघळल्यासारखे दिसतात, वर जांभळट झाक. अमेरिकेत काही जण सोनीच्या सेन्सरवरची काच पातळ करून देतात. इतके करायचे असेल तर जुना लायका घ्यावा, असे माझे साधे मत. एसएलआरच्या वाइड लेन्सना हा त्रास नाही, कारण आरशासाठी त्यांचे मागचे भिंग लांबच ठेवावे लागे.

या लेन्स लोक हौसेने का शोधतात याचे उत्तर धारदारपणात नाही. आजची साधी ५० मिमी एफ/१.८ ऑटोफोकस लेन्स पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला बहुतेक जुन्या लेन्सना मागे टाकते. एफ/५.६ किंवा एफ/८ ला जुनी चांगली ५० मिमी २४ मेगापिक्सलला सहज पुरते, पण तिथे ती नव्यासारखीच दिसते. मग तिचा उपयोग काय? लोकांना हवे असते ते उघड्या अ‍ॅपर्चरचे वागणे, म्हणजे ज्याला त्या काळचे अभियंते सरळ दोष म्हणत.

हेलिओस ४४-२ घ्या. ५८ मिमी एफ/२, झेनिट कॅमेऱ्यासोबत लाखोंनी विकली गेलेली. तिचे मूळ झाईसच्या दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या बायोटारमध्ये आहे. युद्धानंतर जर्मनीकडून भरपाई म्हणून येनाच्या झाईस कारखान्यातली यंत्रे आणि आराखडे सोव्हिएत संघाने नेले. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यात बायोटारची हेलिओस झाली आणि झाईसच्या सोनारपासून ज्युपिटर मालिका आली. उघड्या अ‍ॅपर्चरला हेलिओसच्या कडेचे उजेडाचे ठिपके लेन्सच्याच नळीच्या काठाने कापले जाऊन लांबट होतात, आणि दृष्टिक्षेत्राच्या वक्रतेमुळे व कडेच्या इतर दोषांमुळे मागची पाने मध्याभोवती गरगर फिरल्यासारखी दिसतात. मागे पाने नसतील, भिंत असेल तर काहीच होत नाही. समाजमाध्यमांवर हेलिओसची जी ख्याती आहे तीत अर्धा वाटा झाडीचा आहे.

जर्मनीच्या ग्योर्लिट्झ गावच्या मायर ऑप्टिकची ट्रायोप्लान १०० मिमी एफ/२.८ याहून चमत्कारिक. अवघ्या तीन भिंगांची लेन्स, गोलीय दोष गरजेपेक्षा जास्त दुरुस्त केलेला. त्यामुळे मागच्या प्रत्येक ठिपक्याची कड उजळ होते आणि साबणाच्या फुग्यांसारखी वर्तुळे तरंगू लागतात. पूर्व जर्मनीची ही गरीब घरची लेन्स डिजिटलच्या काळात इतकी महागली की २०१५ मध्ये लोकवर्गणीतून ती नव्याने काढण्यात आली. नाव पुन्हा जिवंत करणारी कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि आगाऊ पैसे भरलेले अनेक जण लेन्सवाचून राहिले.

फुगे आणि भोवरे दोन दिवस गंमत आणतात. त्यापेक्षा जुन्या ८५ ते १३५ मिमीच्या लेन्स मला अधिक टिकाऊ आनंदाच्या वाटतात. निकॉनची १०५ मिमी एफ/२.५ घ्या. स्टीव्ह मॅककरी यांनी १९८४ मध्ये पेशावरजवळच्या निर्वासित छावणीत हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचे छायाचित्र याच लेन्सने घेतले, जे १९८५ च्या जूनमध्ये नॅशनल जिओग्राफिकच्या मुखपृष्ठावर आले. ती लेन्स आजच्या सेन्सरवरही चेहऱ्याला न्याय देते. तशीच ५५ मिमी मायक्रो-निकॉर: जवळून फुले, किडे, जुनी नाणी टिपायला आजही उत्तम, आणि जवळच्या कामात ऑटोफोकस तसाही फारसा कामाचा नसतो. जुन्या झूम लेन्स मात्र जिथे पडून आहेत तिथेच असू द्याव्यात. तीस वर्षांत झूमचे तंत्र जितके पुढे गेले तितके दुसरे कशाचेच नाही.

वापरायला या लेन्स कितपत अवघड? सवयीचा भाग. कॅमेऱ्यात आधी ‘लेन्सशिवाय शटर’ हा पर्याय चालू करावा लागतो, नाहीतर कॅमेरा बटण दाबले तरी ढिम्म राहतो. अ‍ॅपर्चर लेन्सवर हाताने लावायचे, शटरचा वेग कॅमेरा ठरवतो. कंपनरोध असेल तर फोकल लेंथ स्वतः भरायची. लेन्स बदलली आणि आकडा बदलायचे राहिले तर चित्र आणखी हलते. फोकससाठी कडा रंगवून दाखवणारे पीकिंग सगळ्यांना आवडते, पण एफ/१.४ ला ते बऱ्याचदा फसवते: जिथे उजेड-सावलीतला फरक जास्त तिथे रंग उमटतो, नेमका फोकस असो वा नसो. डोळ्यांवर फोकस हवा असेल तर चित्र मोठे करून पाहणे हाच खरा मार्ग. धावत्या मुलांचे फोटो काढायचे असतील तर हा नाद सोडावा.

यावर यांत्रिक उत्तरेही निघाली आहेत. टेकआर्ट कंपनीने सोनीसाठी असा अडॅप्टर काढला की आतली मोटर सबंध लेन्सच पुढेमागे सरकवते आणि लायकाची जुनी लेन्स ऑटोफोकस होते. तंत्र थक्क करणारे आहे, पण ही मोटर जेमतेम साडेचार मिमी सरकते. जड लेन्सला ती धापा टाकते.

आता दोन गोष्टी ज्या खरेदीच्या वेळी कोणी सांगत नाही. पहिली पिवळेपणाची. साठ आणि सत्तरच्या दशकातल्या काही उत्तम लेन्सच्या काचेत थोरियम मिसळलेले असे, कारण त्याने काचेचा अपवर्तनांक वाढतो. पेंटॅक्सची सात भिंगांची सुपर टाकुमार ५० मिमी एफ/१.४ आणि कॅननची सुरुवातीची एफडी ३५ मिमी एफ/२ ही ठळक उदाहरणे. किरणोत्सारामुळे काच वर्षानुवर्षांत चहासारखी पिवळी पडते. उन्हात किंवा अतिनील दिव्याखाली काही दिवस ठेवली की रंग उतरतो, कारण तो काचेतल्या अडकलेल्या इलेक्ट्रॉनांचा परिणाम असतो. कॅमेऱ्यावर लावून वापरण्यात घाबरण्यासारखे काही नाही; ते भिंग घासू नये, डोळ्याशी धरायच्या दुर्बिणीत लावू नये, एवढे पाळावे.

दुसरी गोष्ट बुरशी, आणि आपल्याकडे सगळ्यात आधी पाहायची ती हीच. आपल्याकडे जुन्या लेन्स कमी नाहीत. झेनिट, याशिका आणि पेंटॅक्स के१००० चे कॅमेरे अनेक घरांत आले होते, आणि आता आजोबांच्या कपाटातून किंवा मुंबईच्या बोरा बाजारातून, पुण्याच्या जुन्या बाजारातून ते बाहेर येतात. पण हवेतली आर्द्रता बराच काळ ६५ टक्क्यांच्या वर राहिली की भिंगांवर बुरशीचे धागे पसरतात, आणि मुंबई-कोकणात पावसाळाभर ती ८० च्या वर असते. चामड्याचे मूळ केस ही तर बुरशीची खाणावळ. लेन्स हातात आली की अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून मागच्या बाजूने मोबाइलचा टॉर्च मारावा आणि तिरपे पाहावे: जाळीसारखे धागे म्हणजे बुरशी, दुधाळ झाक म्हणजे हेझ, भिंगांच्या कडेला इंद्रधनुष्यासारखे चट्टे दिसले तर दोन भिंगे जोडणारा बाल्सम सुटत आहे. धूळ आणि समोरचा एखादा बारीक ओरखडा फोटोत दिसत नाही. त्यासाठी सौदा मोडू नये. पात्यांवर तेल उतरलेले असेल, ५५ मिमी एफ/२.८ मायक्रो-निकॉरची ती जुनी खोड आहे, तर तेही मिररलेसवर फार नडत नाही, कारण इथे पाती आधीच हाताने मिटलेली असतात. शटरच्या क्षणी झटकन मिटायची गरज नसते.

बुरशी साफ होते, पण तिच्या आम्लाने कोटिंग खाल्लेले असेल तर तो ठसा राहतोच. साफ केल्यावर लेन्स ४० ते ५० टक्के आर्द्रतेत ठेवावी. ड्राय कॅबिनेट परवडत नसेल तर हवाबंद डबा, सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक पुरतो. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे लेन्स वापरत राहणे, उजेडात काढणे. खरी अडचण दुरुस्ती करणाऱ्यांची आहे. हेलिकॉइडचे, म्हणजे फोकसच्या आट्यांचे, वाळलेले ग्रीस बदलणारे, आटे न चुकवता पुन्हा बसवणारे हात शहरांतही मोजके उरले आहेत, आणि त्यांची मजुरी अनेकदा लेन्सच्या किमतीइतकी होते. परदेशातून ‘जवळजवळ नवी’ म्हणून येणाऱ्या लेन्सचे वर्णन खालच्या बारीक अक्षरांपर्यंत वाचावे. बुरशीचा उल्लेख तिथे असतो. वर कस्टम ड्युटी.

म्हणूनच आता चित्र बदलू लागले आहे. चीनचे नवे उत्पादक हाताने फोकस करायच्या स्वस्त लेन्स थेट मिररलेस माउंटमध्ये देऊ लागले आहेत. टीटीआर्टिझनने तर ट्रायोप्लानच्या वळणाची, फुगे दाखवणारी १०० मिमी एफ/२.८ लेन्स काढली आणि तिला माउंट दिला तो एम४२ चा, कारण त्या आट्यासाठी जगातल्या जवळजवळ प्रत्येक कॅमेऱ्याचा अडॅप्टर आधीच मिळतो. फुग्यांची हौस असेल तर मी हीच घेईन. जुन्या ट्रायोप्लानला पडले असते ते पैसे घरातल्या झेनिटच्या हेलिओसची बुरशी काढून घ्यायला आणि एका चांगल्या अडॅप्टरला पुरतात, वर बरेच उरतात.